छातीत कळ येत नाही म्हणून हृदय ठीक आहे असे समजावे का?

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर,

माझ्या यजमानांचे वय ५८ असून त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) मागच्या वेळी ७.८ आली होती. दिवाळीनंतर माझ्या थोरल्या दिरांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आणि त्याआधी काढलेल्या ई.सी.जी.वरून डॉक्टरांनी सांगितले, की यांना पूर्वी केव्हातरी हार्ट अटॅक येऊन गेला आहे. दिरांनाही मधुमेह आहे, पण त्यांना कधीच काही जाणवले नव्हते. तेव्हापासून माझ्या मनात धास्ती बसली आहे. यजमान म्हणतात, "माझा ई.सी.जी. नॉर्मल आहे, रोज सकाळी नेहरू पार्कात फिरतो, छातीत कधी कळ आली नाही, मग कशाला काळजी?" आमच्या कॉलनीत एका लॅबचे लोक हृदयाच्या संपूर्ण तपासणीचे पॅकेज घेऊन आले होते, त्यात सी.टी. ॲंजिओग्राफीही आहे. ती करून घ्यावी का? मधुमेहाने हृदय बिघडते म्हणजे नेमके काय होते, आणि ते आधी कसे ओळखावे? शुगर मलाही पाच वर्षांपासून आहे, पण थोडीच. हल्ली दोन-तीन महिन्यांपासून भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढताना मधल्या वळणावर थांबावे लागते, पण वय ५३ झाले, पाळी थांबली, वजनही वाढले, त्यामुळे ते असेल.

एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर

ताई, तुमचे जवळजवळ सगळे पत्र यजमानांविषयी आणि दिरांविषयी आहे. स्वतःविषयी तुम्ही अगदी शेवटी लिहिले आहे, आणि त्याचे कारणही स्वतःच देऊन टाकले आहे. मी उत्तराची सुरुवात तिथूनच करते, कारण तुमच्या घरात आज सर्वांत आधी डॉक्टरांकडे जाण्याची गरज कोणाला असेल, तर ती तुम्हाला आहे.

ज्या जिन्यावर पूर्वी थांबावे लागत नव्हते तिथे दोन-तीन महिन्यांपासून थांबावे लागत असेल, तर त्याला वय म्हणता येत नाही. वय असे एका ऋतूत वाढत नाही. मधुमेह असलेल्या व्यक्तीला, आणि त्यातही स्त्रीला, हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडू लागल्याची पहिली खूण छातीतली कळ असेलच असे नाही. श्रमाने लागणारी धाप, एरवी न येणारा थकवा, जबड्यात, पाठीत किंवा दोन खांद्यांच्या मध्ये येणारा अवघडलेपणा, जेवणाशी संबंध नसलेली मळमळ, अचानक सुटणारा गार घाम, यांपैकी काहीही तिची जागा घेऊ शकते. हृदयरोगतज्ज्ञ अशा लक्षणाला छातीच्या दुखण्याइतकेच महत्त्व देतात. तुमची धाप रक्तातले हिमोग्लोबिन कमी झाल्याने, थायरॉईडमुळे, फुप्फुसांमुळे किंवा खरोखरच वाढलेल्या वजनामुळे लागत असेल, हेही शक्य आहे. पण हा निर्णय तपासणीनंतर करायचा असतो, आधी नाही. याच आठवड्यात आपल्या फिजिशियनकडे जा आणि "मला जिन्यावर धाप लागते आणि मला मधुमेह आहे" ही दोन वाक्ये एकत्र सांगा. वेगवेगळी सांगितली, तर दोन्हींचे गांभीर्य कमी होते.

"शुगर थोडीच आहे" या शब्दांनीही तुम्ही स्वतःला सूट देऊ नये. पाळी थांबेपर्यंत स्त्रीला हृदयविकारापासून जे काहीसे संरक्षण मिळत असते, ते मधुमेह झाल्यावर बरेचसे नाहीसे होते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावच्या रहिवाशांची जी प्रदीर्घ पाहणी झाली, तिचे १९७४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते, की मधुमेही पुरुषांमध्ये हार्ट फेल्युअरचे प्रमाण इतर पुरुषांच्या दुपटीहून अधिक, तर मधुमेही स्त्रियांमध्ये इतर स्त्रियांच्या सुमारे पाचपट होते. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे; शरीराला हवे तेवढे रक्त पुरेशा सहजतेने पुढे ढकलणे हृदयाला जमेनासे होणे, असा त्याचा अर्थ आहे, आणि चढणीवर लागणारी धाप हे त्याचे अगदी नेहमीचे पहिले लक्षण आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, मधुमेहाने हृदयाचे नेमके काय होते. बहुतेकांच्या मनात एकच चित्र असते, ते म्हणजे रक्तवाहिनीत चरबी साचून अडथळा होणे. ते खरे आहे, पण अपुरे आहे. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की रोहिण्यांच्या आतल्या नाजूक अस्तराचे काम बिघडते. रोहिणी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साईड हा वायू ते पुरेसा तयार करीत नाही. साखर निरनिराळ्या प्रथिनांना कायमची चिकटते आणि रोहिण्यांच्या भिंती ताठर होतात. मधुमेहात ट्रायग्लिसराईड ही रक्तातली चरबी वाढलेली, चांगले कोलेस्टेरॉल घटलेले आणि वाईट कोलेस्टेरॉलचे कण आकाराने लहान व दाट असतात, आणि असे कण अस्तराखाली सहज शिरून साचतात. रक्त गोठवणाऱ्या पेशीही अधिक चटकन एकमेकींना चिकटतात. या सगळ्यामुळे मधुमेही माणसाच्या रोहिण्यांत एखाद्याच ठिकाणी मोठा अडथळा असण्याऐवजी बरेचदा लांबपर्यंत, अनेक ठिकाणी आणि बारीक फांद्यांपर्यंत विकार पसरलेला आढळतो.

रोहिण्या मोकळ्या असल्या तरी हृदय बिघडू शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९७२ साली अमेरिकेत रुब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चौघांनाही हार्ट फेल्युअर होते, पण हृदयाच्या मुख्य रोहिण्यांत त्याचे कारण ठरावे असा अडथळा नव्हता. मधुमेहाने हृदयाच्या स्नायूवरच थेट परिणाम होतो, या विचाराला तेव्हापासून बळ मिळाले. स्नायूच्या तंतूंमध्ये कडक धागे वाढतात, इंधन म्हणून साखर वापरण्याची स्नायूची क्षमता घटते, आणि हृदय आकुंचन नीट पावत असले तरी त्यानंतर सैल होऊन रक्त भरून घेण्याचे काम त्याला जड जाऊ लागते. म्हणूनच इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालात "ई.एफ. ६० टक्के" एवढे वाचून निश्चिंत होऊ नये. हा आकडा आत भरलेल्या रक्तापैकी किती हिस्सा हृदय दर ठोक्याला बाहेर टाकते ते सांगतो. ते किती सहज भरते, ते सांगत नाही. तुमचा इको होईल तेव्हा "डायस्टॉलिक फंक्शन कसे आहे?" असे अवश्य विचारा. वजन, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये हार्ट फेल्युअरचा हाच प्रकार बरेचदा आढळतो, आणि निव्वळ ई.एफ. पाहिला तर तो हमखास निसटतो.

तुमच्या दिरांना काही कळले कसे नाही, याचे उत्तर मज्जातंतूंमध्ये आहे. मधुमेहाने पायांना मुंग्या येतात, तळव्यांची संवेदना जाते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तसाच परिणाम हृदयाकडे जाणाऱ्या आणि हृदयाकडून येणाऱ्या तंतूंवरही होतो. हृदयाची गती आवरून धरणारा तंतू शरीरातील सर्वांत लांब तंतूंपैकी एक आहे आणि तो आधी क्षीण होतो. त्यामुळे नाडी बसल्या जागीही जलद चालते. पुढे हृदयाच्या स्नायूची तडफड मेंदूपर्यंत पोचवणारे तंतूही दुबळे होतात, आणि झटका येतो तेव्हा माणसाला थोडेसे अस्वस्थ वाटते, घाम येतो, पोटात गॅस झाला असे वाटून तो सोडा पिऊन झोपतो. दिरांना आपल्या दुखण्याकडे दुर्लक्ष केल्याचा दोष कृपा करून कोणी देऊ नये. त्यांना दुखलेच नसेल. पण आता कळले आहे, तेव्हा मोतीबिंदूचे ऑपरेशन उरकले म्हणजे विषय संपला, असे होता कामा नये: त्यांचा इको झाला पाहिजे, आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन, रक्त पातळ ठेवणारे औषध आणि इतर औषधे सुरू आहेत की नाहीत, याची खात्री झाली पाहिजे. कळ न येता आलेला झटका हा सौम्य झटका असतो, असे मुळीच नाही.

यजमानांचा नॉर्मल ई.सी.जी. ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण तिचा अर्थ मर्यादित आहे. स्वस्थ पडून काढलेला ई.सी.जी. पूर्वी होऊन गेलेला मोठा झटका, ठोक्यांची अनियमितता आणि स्नायूची जाडी यांची चाहूल देतो. श्रम करताना हृदयाला रक्त कमी पडते का, हे तो बहुधा सांगू शकत नाही, आणि रोहिणी बरीच अरुंद झालेली असतानाही तो अगदी स्वच्छ येऊ शकतो. वर्षातून एकदा तो काढावाच, कारण पुढच्या वर्षीच्या ई.सी.जी.शी ताडून पाहायला तो उपयोगी पडतो. जुने कागद फेकू नका.

त्याहून अधिक सांगणाऱ्या काही गोष्टी अगदी साध्या आहेत, आणि त्या कमी खर्चाच्या असल्यामुळेच कदाचित कोणी त्यांची पॅकेजे काढत नाही. पहिली गोष्ट नाडीची. सकाळी उठल्यावर, चहापूर्वी, शांत बसून यजमानांची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. ती वारंवार शंभराच्या पुढे जात असेल, आणि ताप, रक्ताची कमतरता, थायरॉईड असे दुसरे कारण नसेल, तर हृदयाच्या मज्जातंतूंवर परिणाम झाल्याची शंका घ्यावी लागते. पाच मिनिटे आडवे पडल्यावर एकदा, आणि उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत पुन्हा रक्तदाब घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे. दीर्घ श्वास घेताना आणि सोडताना निरोगी माणसाच्या नाडीची गती कमी-जास्त होते, आणि हे तंतू दुबळे झाले की ती एकसारखी राहते. ई.सी.जी.च्या यंत्रावर काही मिनिटांत करता येणाऱ्या या चाचण्या १९७० च्या दशकात एडिंबरामध्ये डॉ. ईविंग यांनी रूढ केल्या, आणि आजही त्या आधार म्हणून वापरल्या जातात.

दुसरी तपासणी लघवीची. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे परस्पर प्रमाण ३० च्या पुढे गेले, तर मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागल्या आहेत असे समजतात, पण हा आकडा मूत्रपिंडांपुरता नसतो. ज्यांचे अल्ब्युमिन वाढलेले असते त्यांना हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो. चौदा वर्षांच्या मधुमेहात ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी, आणि एकदा वाढलेली आढळली तर काही आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करायला हवी. डोळ्यांचा पडदा आणि पायांची नाडी यांची तपासणीही हृदयाचीच माहिती देत असते, कारण रक्तवाहिन्या सगळीकडे त्याच आहेत. आणखी एक गोष्ट संकोचामुळे बोलली जात नाही, म्हणून मी स्पष्ट लिहिते. मधुमेही पुरुषाला लैंगिक संबंधात येणारी दुर्बलता ही पुष्कळदा रक्तवाहिन्यांच्या विकाराची खूण असते आणि हृदयाचा त्रास प्रकट होण्याच्या काही वर्षे आधी दिसू शकते. यजमानांना हा त्रास असेल, तर तो त्यांनी वैदूच्या पुडीने झाकू नये, डॉक्टरांना सांगावा.

हृदयावर ताण आला की त्याचा स्नायू रक्तात एक द्रव्य सोडतो, त्यावर आधारलेली एन.टी.-प्रो-बी.एन.पी. ही रक्ततपासणी अलीकडच्या काळात महत्त्वाची ठरली आहे. लक्षणे नसली तरी मधुमेह असलेल्यांनी ती वर्षातून एकदा करावी, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०२२ साली सुचवले. आकडा १२५ च्या पुढे असेल तर इको करून पुढचा विचार करतात. वय आणि मूत्रपिंडांच्या स्थितीनुसार हा आकडा बदलतो, म्हणून तो डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा. तुमच्या बाबतीत तर ही तपासणी आणि इको या दोन्ही गोष्टी पहिल्याच भेटीत निघण्याचा संभव आहे; त्यानंतर गरजेप्रमाणे टी.एम.टी. (सरकत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ई.सी.जी.), किंवा चालवत नसेल तर औषधाने ताण देऊन केलेला इको किंवा थॅलियम तपासणी (हृदयाच्या रक्तपुरवठ्याची स्कॅन), आणि त्यातून काही निघाले तरच ॲंजिओग्राफी, असा क्रम राहील. खर्चाची अडचण असेल, तर आपल्या सरकारी एम. वाय. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातूनही सुरुवात करता येते.

आता पॅकेजविषयी. ज्यांना कोणतेही लक्षण नाही अशा मधुमेही माणसाची सरसकट ॲंजिओग्राफी करून त्याचा जीव वाचतो का, हा प्रश्न संशोधकांनी प्रामाणिकपणे विचारून पाहिला आहे. अमेरिका आणि कॅनडामध्ये लक्षणे नसलेल्या ११२३ मधुमेही रुग्णांपैकी निम्म्यांची हृदयाच्या रक्तपुरवठ्याची स्कॅन तपासणी करण्यात आली, निम्म्यांची नाही. तपासलेल्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांमध्ये दोष आढळला, म्हणजे तुमची धास्ती निराधार नाही. पण जवळजवळ पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत हृदयाचे झटके आणि हृदयविकाराने झालेले मृत्यू सारखेच, आणि तेही तीन टक्क्यांच्या आसपासच निघाले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०१४ साली सी.टी. ॲंजिओग्राफीचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही तपासणीने झटके आणि मृत्यू फारसे टळले नाहीत. याचे एक मोठे कारण असे, की दोन्ही गटांना स्टॅटिन, रक्तदाबाची औषधे आणि साखरेवरचे उपचार मिळतच होते, आणि खरे संरक्षण त्यांनीच केले.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: यजमानांना श्रमाने काहीही होत नसेल, ई.सी.जी. बदललेला नसेल, तर कॉलनीत येऊन विकले जाणारे ते पॅकेज घेऊ नका. सी.टी. ॲंजिओग्राफीत जे रंगद्रव्य शिरेतून देतात, ते मूत्रपिंडांची स्थिती पाहिल्याशिवाय मधुमेही माणसाला देणे योग्य नाही. शिवाय किरकोळ अडथळ्याच्या अहवालाने घाबरून नको तो स्टेंट बसवून घेणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. रंगद्रव्याशिवाय होणारी, हृदयाच्या रोहिण्यांत साचलेले कॅल्शियम मोजणारी कॅल्शियम स्कोअरची तपासणी मात्र काही वेळा उपयोगी पडते, विशेषतः स्टॅटिन घ्यायला एखादा तयार नसेल तेव्हा. मोठी शस्त्रक्रिया ठरली, पायांच्या रोहिण्यांत विकार आढळला, किंवा फिरताना पूर्वीसारखे चालवेनासे झाले, तर हा सगळा विचार बदलतो. नेहरू पार्कात ते रोज किती वेळात किती फेऱ्या मारतात, याची नोंद ठेवायला त्यांना सांगा. तेवढ्याच फेऱ्यांना जास्त वेळ लागू लागला, तर तीही एक तपासणीच झाली.

पॅकेजचे पैसे वाचले, की ते जिथे खरोखर लागतात तिथे लावा. डेन्मार्कमध्ये लघवीत अल्ब्युमिन वाढलेल्या १६० मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि तंबाखू या सर्वांकडे एकाच वेळी कसून लक्ष दिले गेले, आणि २००३ साली असे दिसले, की हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे निम्म्याने कमी झाल्या. यजमानांनी पुढच्या भेटीत साखरेखेरीज आणखी तीन आकडे विचारावेत: रक्तदाब १३०/८० च्या खाली आहे का, वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली आहे का, आणि लघवीतले अल्ब्युमिन किती आहे. ७.८ ही सरासरी थोडी खाली यायला हवी, पण घाईने नव्हे. सरासरी सहाच्या खाली आणण्याचा अट्टहास केलेल्या एका मोठ्या अभ्यासात मृत्यू वाढल्याचे दिसून २००८ साली तो प्रयत्न थांबवावा लागला होता. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एस.जी.एल.टी.-२ गटातील एका औषधाने, आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २०१५ साली दिसले. त्यामुळे दिरांच्या डॉक्टरांना या औषधांविषयी विचारणे रास्त आहे, आणि इकोचा निकाल पाहून तुमच्याही. उलट पायोग्लिटाझोन हे औषध तुमच्यापैकी कोणाच्या गोळ्यांत असेल, तर धाप किंवा पायांवर सूज असताना ते डॉक्टरांच्या नजरेस आणून द्या, कारण त्याने शरीरात पाणी साठते.

खाण्याविषयी एवढेच, की इंदुरात साखर सोडलेला माणूस जिलबीला हात लावत नाही, पण पोह्यांवर मूठभर शेव आणि वर जीरावन हा खारट मसाला घेतोच. त्या मिठाचा भार रक्तदाबावर आणि हृदयावर पडतो, आणि हार्ट फेल्युअरकडे झुकलेल्या माणसासाठी ते गोडाइतकेच अपायकारक आहे. पोहे खा, शेव काढून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना सध्याच्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, मागचे अहवाल आणि दिरांच्या ई.सी.जी.ची प्रत बरोबर न्या, कारण सख्ख्या भावाचा विकार यजमानांच्या धोक्याच्या हिशेबात धरला जातो. तपासणी होईपर्यंत जड पिशव्या घेऊन जिना चढू नका. आणि या काळात बसल्या जागी धाप लागली, रात्री आडवे पडल्यावर श्वास कोंडून उठून बसावे लागले, गार घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा छाती, जबडा वा पाठ दहा-पंधरा मिनिटांहून जास्त वेळ जखडल्यासारखी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका. साखर एकदा मोजा, कारण ती फार उतरली असली तरी असाच घाम येतो. पण ती ठीक असेल तर गॅस समजून थांबू नका, आणि चक्कर येत असताना कोणाच्या सांगण्यावरून रक्तवाहिन्या सैल करणारी सोर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवू नका, रक्तदाब आणखी घसरू शकतो. जिना स्वतः उतरून स्कूटरवर मागे बसून जाण्याऐवजी १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा, आणि फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा, की रुग्णाला मधुमेह आहे.